कंसासकट वाच

९ जानेवारी

दादाने आज चक्क नाही म्हटलं.

सकाळी प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमची वेबसाइट मोबाइलवर उघडली, तर हत्तीची नुसती शेपटी दिसतेय हो. बाकीचा हत्ती गेला कुठे?" त्या हसल्या म्हणून मीही हसले, पण फोन ठेवल्यावर लगेच दादाला लावला. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या बाईच्या साइटवर शेपटीच दिसत असेल, तर पुढचं पुस्तक तिला कोण देणार?

ती साइट बारा वर्षांपूर्वी दादाने दोन रविवारांत बांधून दिली होती. तेव्हापासून काही बिघडलं की मी फोन लावायचा आणि त्याने "हं, बघतो" म्हणून तासाभरात नीट करायचं, असा शिरस्ता. आज म्हणाला, "मी नाही हात लावणार. पाडून टाक ती. पहिल्यापासून नवी लिही. तू."

"मी? बावन्नाव्या वर्षी?"

"मी सांगेन तसं लिहायचं. त्यात काय आहे, ढमे, अक्षरंच तर आहेत."

ढमे म्हटलं म्हणून राग थोडा उतरला. सगळा नाही. आई गेल्यापासून दादा माझ्याशी असाच तुटक वागतोय. तिच्या शेवटच्या आठ दिवसांत मी प्रदर्शनासाठी परगावी होते, आणि त्याने तेव्हा एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. आता दोन वर्षांनी ते असं बाहेर पडतंय, दुसरं काय.

१२ जानेवारी

पहिला धडा, फोनवरून.

वेबपेज म्हणजे साधी लिहिलेली फाइल असते, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. मजकुराच्या पुढेमागे खुणा टाकायच्या: इथे मथळा सुरू, इथे संपला. खुणा टोकदार कंसांत. संपल्याच्या खुणेत एक तिरकी रेघ. मी एक रेघ विसरले, तर खालचं अख्खं पान, माझ्या पत्त्यासकट, मथळ्याएवढं होऊन अंगावर आलं.

"स्क्रीनचा फोटो पाठवते, बघ काय चुकलंय," मी म्हटलं.

"फोटो नको. वाचून दाखव."

"मग फाइलच पाठवू का?"

"वाचून दाखव म्हटलं ना. कंसासकट वाच."

बसले वाचत. कंस सुरू, एच, एक, कंस पूर्ण. शेजारणीला वाटलं असेल, ही या वयात पाढे पाठ करतेय. पण गंमत अशी की अकराव्या ओळीला काय राहिलंय ते मलाच ऐकू आलं. मी मधेच थांबले. पलीकडून दादा नुसता "हं" म्हणाला. हा "हं" मी ओळखते. शाळेत माझं गणित सुटलं की तो असाच म्हणायचा.

२१ जानेवारी

पान उभं राहिलं! दादाने सांगितल्याप्रमाणे एका तात्पुरत्या पत्त्यावर चढवलं, म्हणजे त्यालाही त्याच्या घरी उघडता येईल. मग रंगरूपाची फाइल वेगळी लिहायची असते, ती लिहिली. फिकट साय रंगाची जमीन आणि त्यावर बारीक राखाडी अक्षरं. इतकं देखणं झालं की उठून चहा केला आणि परत येऊन लांबून बघितलं.

दादाचा फोन: "हे काय केलंयस? अक्षरं काळी कर. आणि दुप्पट मोठी."

"अरे, ती काय दुकानाची पाटी आहे?"

"काळी कर. मागे पांढरं."

अर्धा तास हुज्जत. शेवटी केली काळी. दादाला सौंदर्यदृष्टी पहिल्यापासूनच नव्हती. लग्नात त्याने निवडलेला कोट मी अजून विसरलेले नाही.

२ फेब्रुवारी

खूप दिवसांनी दादाकडे गेले. मुद्दाम गेले. मागच्या महिन्यात केस कापून टाकले आहेत मी, कमरेपर्यंतची वेणी गेली, मानेवर बोटभर राहिलेत. वहिनीने दार उघडल्या उघडल्या "अगं बाई!" म्हणून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दादा खुर्चीतून उठला, "आलीस? बस," म्हणाला आणि पुन्हा बसला. वेणीचं नावसुद्धा नाही.

साइटच्या आराखड्याचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. मी आपली हात पुढे करून उभी, देवळातल्या दीपमाळेसारखी नाही तर काय. शेवटी कागद टेबलावर ठेवला. पाण्याचा पेला त्याच्या कोपराला लागून पडला, आणि त्याने बघितलंही नाही. वहिनीने फडकं आणून निमूट पुसून घेतलं. खुर्च्यांमधलं बुटकं टेबल काढून टाकलंय, खोली नुसती पोकळ वाटते. संगणकावर झाकण. "बिघडलाय," म्हणाला.

दिवे लागायच्या सुमाराला निघाले. पूर्वी बसथांब्यापर्यंत सोडायला यायचा. आज दारातूनच "नीट जा".

वहिनी आली जिन्यापर्यंत. काहीतरी बोलायचं होतं तिला. "फोन करत जा गं त्याला," एवढंच म्हणाली. म्हणजे मीच करत जा. बरं.

१४ फेब्रुवारी

आज मी दादाला वादात हरवलं.

नवीन साइटवर एकेचाळीस चित्रं ठेवायची ठरलीत. दादा म्हणतो, प्रत्येक चित्राच्या मागे, कोडमध्ये, त्याचं वर्णन लिहायचं. पानावर ते दिसत नाही. मग कशाला? मी एकाच्या मागे "हत्ती" लिहिलं आणि बाकीच्यांना "चित्र दोन", "चित्र तीन" असं घालून मोकळी झाले. संध्याकाळी त्याचा फोन.

"हत्ती काय करतोय?"

"कुठला हत्ती?"

"तुझा. चित्रातला. उभा आहे, बसलाय, काय करतोय?"

"अरे, दिसतंय की चित्रात!"

"ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं?"

"चित्रांच्या साइटवर आंधळा माणूस येईलच कशाला, दादा? मुद्दा काय त्याचा?"

मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि ठेवला.

जन्मात पहिल्यांदा मला बरोबर म्हणाला.

२५ फेब्रुवारी

अकरा दिवस फोन नाही. मी केला तर वहिनी उचलते, "झोपलाय," म्हणते. दुपारी बारा वाजता? मोबाइलवर दोन चित्रं शेजारी बसत नव्हती, ते माझं मीच सोडवलं. मोठ्याने वाचत गेले, कंसासकट, आणि चूक सापडली. "हं" म्हणायला कोणी नव्हतं.

३ मार्च

कोणाला सांगायला नको, म्हणून इथे लिहिते. आज भर दुपारी पोस्टाच्या रस्त्यावर दादा समोरून आला. वहिनीचं कोपर धरून चालत होता, लग्न होऊन आठवडा झाल्यासारखा. वहिनी पलीकडच्या दुकानाकडे बघत होती. मी हात हलवला. हसले. तो माझ्यापासून दोन पावलांवर होता. माझ्याकडे बघितलं आणि काच असावी तसं आरपार बघून पुढे गेला.

आईच्या पोटचा एकच भाऊ. भर रस्त्यात ओळख नाही दाखवली त्याने.

६ मार्च

भांडायला म्हणून गेले होते. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. चुकलं माझं, मी आईच्या वेळी नव्हते, पण तू एकदा तरी तोंडाने बोल.

दार दादानेच उघडलं आणि म्हणाला, "कोण?"

दार सताड उघडं. मी हातभर अंतरावर. आणि तो विचारतो, कोण.

"मी."

"ढमे? अगं, ये ना. वहिनी बाहेर गेलीय."

आतल्या खोलीत कोणी बाई भरभर बोलत होती, श्वास न घेता. मी डोकावले. खोलीत कोणी नव्हतं. संगणकाचा पडदा काळा होता आणि बोलणं त्याच्यातून येत होतं. "दुवा, माझ्याविषयी. दुवा, चित्रं. चित्र, हत्ती. चित्र, चित्र दोन. चित्र, चित्र तीन. चित्र, चित्र चार."

माझं पान होतं ते.

"पडदा बंद का आहे, दादा?"

"उगाच वीज कशाला जाळायची," तो म्हणाला आणि हसायला गेला. ते हसू पुरं झालं नाही.

मग त्याने मला समोरच्या खुर्चीत बसवलं. "जरा डावीकडे. हां. आता नाक आलं." मान हळूहळू हलवत होता. "हा डावा डोळा. हे कपाळ." थांबला. "केस कुठे गेले तुझे?"

त्याला आता शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. मधोमध, तेही धुरकट. आजूबाजूला काही नाही. चार वर्षांपूर्वी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग कडेचं. सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार. यावर औषध नाही.

"मला नाही सांगितलंस."

"डॉक्टर म्हणाले, हा घराण्यात चालत येतो. आईकडून आला असणार." दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बोलत होता, शाळेतल्या मुलासारखा. "म्हणजे तुलाही असायची शक्यता अर्धीमुर्धी. आणि तुझं तर सगळं डोळ्यांवर. कुठल्या तोंडाने सांगू? आज सांगू, उद्या सांगू, करता करता चार वर्षं गेली. घालवायला नको होती, कळतं मला ते. तू तपासून घे, ढमे. आधी तेवढं कर."

मी विचारलं, मग ते वाचून घेणं कशासाठी.

"म्हटलं, तुझ्यावर कधी वेळ आलीच, तर कानाने काम करायची सवय असलेली बरी." आणि मग थोड्या वेळाने, "आणि मला तुझी चित्रं बघायची होती गं. वहिनीला विचारतो, तर ती म्हणते, छान आहे हत्ती."

मी पाठ करून आणलेलं एकही वाक्य बोलले नाही. आईचं त्यानेच काढलं. "शेवटी ती हवेत हात फिरवायची, माझा चेहरा शोधायची. मला वाटलं तापात करतेय. तू नव्हतीस ते बरं झालं."

त्याच्या मनात माझ्याविषयी राग नव्हताच कधी. दोन वर्षं तो माझ्याच डोक्यात होता.

७ मार्च

आई उंबऱ्याला अडखळायची, भांडी पाडायची, तेव्हा तिला "बघून चालत जा ना गं" कोण म्हणायचं? मी. किती वेळा? मोजता येणार नाहीत इतक्या.

१० मार्च

डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं. मग एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बटण हातात दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. तपासणारी मुलगी म्हणाली, "ताई, ठिपका नसतानाही दाबताय तुम्ही." मला एकही ठिपका चुकवायचा नव्हता. नंतर रक्त घेतलं. निकाल तीन आठवड्यांनी.

बाहेर आले तर बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन सहन होईना. कठड्याला धरून जिना उतरले. एक पायरी दिसली नाही. तिथेच बसले थोडा वेळ.

२० मार्च

हत्तीचं वर्णन आज पाचव्यांदा लिहिलं. फोनवर वाचून दाखवते, दादा सुतारासारखा रंधा मारतो.

"एक सुंदर हत्ती—"

"सुंदर काढ. माझं मी ठरवीन."

"एक हत्ती गुडघाभर पाण्यात बसला आहे. त्याच्या पाठीवर सात बेडूक रांगेत बसले आहेत. सगळ्यात मागचा घसरत आहे."

दादाला हसू फुटलं. "घसरणारा कुठल्या बाजूला?"

"शेपटीकडे."

"शेपटी धरून ठेवलीय का त्याने?"

मी चित्राकडे बघितलं. धरली होती. मीच काढलेलं, आणि विसरले होते. वाक्य घातलं. एकेचाळीस चित्रं मी काढली, पण बघतेय आत्ता पहिल्यांदा. कंदील घेतलेल्या म्हातारीची सावली मी भलत्याच बाजूला पाडलीय. कोणी म्हणालं नव्हतं आजवर.

रोज तीन-चार होतात. तेवढा वेळ आम्ही दोघं बरे असतो.

३ एप्रिल

निकाल आला. मला काही नाही. डोळे स्वच्छ, रक्तातही खोट नाही. डॉक्टर हात मिळवून म्हणाले, "निश्चिंत राहा."

दवाखान्यातून थेट दादाकडे गेले नाही. बागेत बाकावर दोन तास बसले. कसं सांगायचं? आवाज कसा ठेवायचा? आनंदाचा ठेवला तर, आणि नाही ठेवला तर?

सांगितलं. दादा उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. "अगं ऐकलंस का!" असं ओरडून वहिनीला हाक मारली, मला दोन्ही हातांनी धरलं, आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. "सुटलीस, ढमे. बाई गं. सुटलीस." चार वर्षांत पहिल्यांदा शांत झोपेन म्हणाला. वहिनीकडून गोड करवून घेतलं, आणि मला खायला लावलं.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी नळाखाली तेच भांडं धूत होती, धुऊन झालेलं.

"बरं झालं तुझं," ती पाठमोरीच म्हणाली. "खरंच बरं झालं." मग नळ बंद केला, आणि तरी वळली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने राहू दिला.

२० एप्रिल

साइट सुरू झाली. जुनी पाडली. संपादक बाईंचा निरोप आला: हत्ती पूर्ण दिसतो, अक्षरं छान ठसठशीत आहेत, पावसावरचं पुस्तक कराल का? हो म्हटलं.

दादाने सगळी चित्रं लागोपाठ ऐकली. संगणकातल्या बाईला भरभर बोलू न देता, सावकाश लावून. दीड तास. संपल्यावर माझ्या दिशेने हात पुढे केला, थोडा चुकला. मीच हात तिथे नेला.

हो म्हटलं खरं, पण गेले सतरा दिवस मी पेन्सिल धरलेली नाही. कागद काढते, खडू मांडते, आणि बघत बसते. मला सगळं दिसतं. खिडकीच्या कडेचं, कोपऱ्यातलं, सगळं. लाज वाटते.

१८ मे

वहिनीचा सकाळी फोन. "मधलंही गेलं."

गेले. दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्यानेच सांगितलं. "काल दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत होतो. एकोणीस का एकोणतीस, लागेना. म्हटलं उद्या उजेडात बघू." थांबला. "वहिनीकडे बघायचं होतं शेवटचं. दुधाची पिशवी बघितली."

वहिनी बाजूलाच होती. "मला काय बघायचंय," म्हणाली, "रोज तर बघत होतास." आणि उठून गॅलरीत गेली.

२७ मे

दादा रोज सकाळी माझी साइट लावतो म्हणे. वर्तमानपत्र चाळावं तसा.

काल मी सहज सगळी वर्णनं पुन्हा तपासत होते. होडीच्या वर्णनात एक चूक सापडली. तळ्यात होडी आहे, होडीत एक मुलगी आणि एक मुलगा. मी लिहिलं होतं, मुलगा दोन वल्ह्यांनी होडी चालवत आहे. चित्रात वल्हं एकच आहे. दुसरं काढायचं राहून गेलं, पुस्तकही तसंच छापलं गेलं. दादाने शिकवलंय ना, जे आहे तेच लिहायचं. म्हणून "एका वल्ह्याने" असं करून फाइल चढवली आणि स्वतःवर खूश झाले.

आज सकाळी दादाचा फोन. इतका चिडलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"होडीला हात कोणी लावला?"

"मी. अरे, वल्हं एकच आहे चित्रात. माझी चूक होती."

"दोन आहेत."

"दादा, मी बघतेय ना इथे. एकच आहे."

"एका वल्ह्याने होडी गोल गोल फिरते, ढमे," तो म्हणाला. आवाज फाटला. "मी रोज जातो तिच्यात. दोन आहेत. तू बदलू नकोस काही. एक अक्षर बदलू नकोस. तू बदललंस की माझं जातं."

मी हो म्हटलं.

आधी वाक्य होतं तसं केलं. मग ते कंसासकट दोनदा मोठ्याने वाचलं. मग होडीचं मूळ चित्र फडताळातून काढलं, टेबलावर चिकटपट्टीने बसवलं आणि पेन्सिलीला टोक केलं. पहिली रेघ खोडावी लागली. दुपार त्यातच गेली. वल्हं सोपं असतं, पण पाण्यातलं त्याचं मोडलेलं प्रतिबिंब जमायला वेळ लागतो. मुलाचा डावा हातही पुन्हा काढावा लागला. आता त्याने वल्हं घट्ट धरलंय.

संध्याकाळी नवं चित्र जुन्याच्या जागी चढवलं. दादाला कळवलं नाही. त्याच्या कानांवर येणारं वाक्य तेच आहे.